कारणाचा रकाना

अटकेच्या कागदांत एक रकाना असतो: अटक करण्याचे कारण. तालुका न्यायालयात वकिली करताना मी हे कागद इतके चाळले, की पुढेपुढे तो रकाना न वाचताच त्यात काय असेल ते सांगता यायचे. आरोपी पळून जाण्याची शक्यता आहे. साक्षीदारांवर दबाव आणेल. पुराव्यात ढवळाढवळ करेल. सखोल तपासासाठी अटक आवश्यक आहे. चोरी असो, भावकीतली मारामारी असो, बांधावरून झालेली शिवीगाळ असो, वाक्ये तीच. एकदा विधी सेवा समितीच्या यादीवरून एका म्हातारीच्या रिमांडचे काम माझ्याकडे आले. सुनेने दिलेल्या फिर्यादीत तिचे नाव होते. गुडघे कामातून गेलेले. महिला शिपायाचा हात धरून ती कोर्टाच्या पायऱ्या चढली. रिमांड रिपोर्टात लिहिले होते की सदर इसम फरार होण्याची दाट शक्यता असून तो साक्षीदारांना धमकावेल. कोणाच्या तरी जुन्या रिपोर्टातला मजकूर उचलला होता, नाव तेवढे बदलले होते, आणि पुरुषाची बाई करायचे राहून गेले होते.

टंकलेखनातली चूक म्हणून ते सोडून देता आले असते. मी ते दंडाधिकाऱ्यांना वाचून दाखवले. माझ्या लेखी ती चूक नव्हतीच, तो पुरावा होता. कारण लिहिणाऱ्याने त्या बाईकडे पाहून क्षणभरही विचार केला नव्हता. अटक आधी झाली होती आणि कारण मागाहून चिकटवले होते. दंडाधिकाऱ्यांनी रिपोर्ट स्वतः पुन्हा वाचला, तपास अधिकाऱ्याला दोन प्रश्न विचारले, आणि म्हातारी संध्याकाळी घरी गेली. सगळीकडे असे होत नाही.

विना वॉरंट अटकेचा अधिकार पोलिसांना हवाच, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. चोर डोळ्यांदेखत पळत असताना वॉरंट आणायला कोणी कोर्टात धावत नाही. कायद्याने म्हणूनच हा अधिकार दिला आणि त्याला कारणाची वेसण घातली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४१ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५ आहे. विश्वसनीय माहिती किंवा वाजवी संशय ही पहिली पायरी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर तेवढ्यावर भागत नाही. याच माणसाला आत्ताच अटक करण्याची गरज काय, हे अधिकाऱ्याने लिहून ठेवायचे. अटक केली नाही तर ती का केली नाही, हेही लिहायचे. नोटीस देऊन बोलावता येत असेल तर नोटीस द्यायची. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०१० पासून लागू आहे, म्हणजे आज सेवेत असलेल्या बऱ्याच फौजदारांनी दुसरा कायदा पाहिलेलाच नाही.

या दुरुस्तीच्या मागे मोठा इतिहास आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात म्हटले होते की जवळपास ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, आणि तुरुंगांवरच्या खर्चाचा ४३.२ टक्के भाग अशा अटकांपायी जातो. १९९४ मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाचा आधार घेतला. गाझियाबादच्या पोलिसांनी एका तरुण वकिलाला चौकशीला म्हणून बोलावले आणि त्याचा ठावठिकाणा घरच्यांना लागेना, असे ते प्रकरण होते. अटकेचा अधिकार असणे आणि ती अटक योग्य ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. मी तरुण होतो. निकाल वाचून वाटले, आता बदलेल. पुढे २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात तेच पुन्हा, जास्त कडक भाषेत सांगावे लागले: कारणे न नोंदवता अटक करणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होईल, आणि डोळे झाकून कोठडी मंजूर करणाऱ्या दंडाधिकाऱ्यावरही उच्च न्यायालय कारवाई करील.

'वाजवी संशय' कोणावर किती सहज येतो, हे आमच्या भागात राहिल्याशिवाय कळणार नाही. घरफोडी झाली की रात्रीच गाडी निघते ती गावाबाहेरच्या पालांकडे. पारध्यांच्या वस्तीत जो तरुण सापडेल तो गाडीत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये रद्द केला. सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे गेली, पण ठाण्यातल्या सवयी गेल्या नाहीत. मी एका अंमलदाराला एकदा सरळ विचारले, की या पोरावर संशय कशावरून? त्याने जराही न अडखळता उत्तर दिले, "साहेब, त्यांचा धंदाच तो." तो दुष्ट माणूस नव्हता. पोराला चहा पाजून त्याने कोर्टात आणले होते. पण त्याच्याजवळ माहिती नव्हती, पावलांचा माग नव्हता, कोणी पाहिलेले नव्हते. जन्म हेच कारण होते, आणि ते रकान्यात लिहिता येत नसल्याने तिथे 'सखोल तपास' आला होता.

याच ठाण्यांतून दुसराही अनुभव आला, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा पसरल्या होत्या तो काळ. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले होते. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी लोकांनी तिघा फिरस्त्यांना धरून ठाण्यात आणले. बाहेर चारएकशे माणूस जमा, अटक झालीच पाहिजे अशा घोषणा. ठाण्यात एकच उपनिरीक्षक आणि चार शिपाई. त्याने तिघांना आत घेतले, दार लावले आणि स्टेशन डायरीत नोंद केली: जमावापासून संरक्षणासाठी ठाण्यात आणले आहे, अटक नाही, संशयास कारण आढळत नाही. मग त्यांच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावून ओळख पटवली आणि पहाटे त्यांना सरकारी गाडीतून तालुक्याबाहेर सोडले. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांनी त्याच्यावरच आरोप केले, की पैसे खाऊन टोळी सोडली.

अशा अधिकाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळायला हवे, आणि ते पूर्ण मिळायला हवे. समजा, त्या तिघांपैकी एक जण उद्या खरोखर गुन्हेगार निघाला असता, तरीही. उलट समजा, हातात सबळ माहिती असल्याने त्याने तिघांना अटक केली असती आणि पुढे ते निर्दोष ठरले असते, तरीही. रात्री दोन वाजता, अपुऱ्या माहितीवर, बाहेर जमाव ओरडत असताना घेतलेला निर्णय नंतर चुकीचा ठरला म्हणून त्या माणसाला जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या, तर खाकी घालायला कोण धजेल? शिवाय अटकेचा आग्रह पुष्कळदा आपलाच असतो. फिर्याद दिली की 'आत टाकले का' हा आपला पहिला प्रश्न. अटक हीच शिक्षा असे आपण मानतो, आणि न करणाऱ्याला विकला गेला म्हणतो. फौजदारावर दबाव येतो तो फक्त वरून येत नाही.

प्रश्न आहे तो हे संरक्षण नेमके कशाला द्यायचे याचा. आपल्याकडे ते कारणाला मिळत नाही, पदाला मिळते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी कस्तुरीलाल खटल्याची गोष्ट नेहमी तपशिलात सांगतो, कारण ती जेवढी सांगावी तेवढी अस्वस्थ करते.

सप्टेंबर १९४७. फाळणीने उत्तर भारत पेटलेला. अमृतसरच्या सराफी पेढीचा एक भागीदार सोने-चांदी विकायला मीरतला आला. रात्री बाराच्या सुमारास चौपला बाजारातून जाताना तीन शिपायांनी त्याला धरले. त्याच्याजवळ १०३ तोळे ६ मासे १ गुंज सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी होती. खरे सांगायचे तर त्या दिवसांत, त्या वेळी, एवढा ऐवज घेऊन फिरणाऱ्या परक्या माणसावर संशय येणे अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. त्याला कोतवालीत कोंडले, माल जप्त केला. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. चांदी पुढे परत मिळाली. सोने मिळाले नाही. नियमाप्रमाणे ते तिजोरीत जायला हवे होते. ठेवले ठाण्याच्या मालखान्यात. मालखान्याचा ताबा असलेल्या हेड कॉन्स्टेबलने ते लांबवले आणि ऑक्टोबरमध्ये तो पाकिस्तानात पळून गेला.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकली, अलाहाबाद उच्च न्यायालयात हरली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे आले. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी, आपल्या साताऱ्याच्या माणसाने, कामगारांच्या हक्कांबद्दल ज्यांच्या निकालांचा आजही दाखला दिला जातो. पोलिसांचा निष्काळजीपणा झाला हे त्यांनी मान्य केले. पण अटक करणे आणि माल जप्त करणे हे राज्याचे सार्वभौम कार्य, ते करताना नोकराने केलेल्या चुकीबद्दल राज्यावर दावा चालत नाही, असा निर्णय सप्टेंबर १९६४ मध्ये दिला. तो देताना त्यांना समाधान नव्हते. कायद्याची ही स्थिती नागरिकावर अन्याय करणारी आहे, विधिमंडळांनी यात लक्ष घालून कायदा करावा, असे त्यांनी निकालातच सुचवले. सरकारच्या अशा दायित्वावर विधी आयोगाने १९५६ मध्येच आपला पहिला अहवाल दिला होता. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली. कोणतेही संमत झाले नाही. असा कायदा आजही नाही.

दार उघडले ते वेगळ्या बाजूने, आणि उघडणाराही मराठीच. रुदल शाह हा बिहारमधला कैदी जून १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता, पण तुरुंगातून बाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट भरपाई दिली: ३०,००० रुपये, शिवाय सरकारने आधी दिलेले ५,०००. नुसता सोडण्याचा हुकूम देऊन थांबलो तर अनुच्छेद २१ मध्ये काही अर्थ उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दहा वर्षांनी ओडिशातल्या नीलावती बेहेरा यांच्या प्रकरणात न्यायालयाने हे पक्के केले. पोलिसांनी नेलेला त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर मृत सापडला होता. दीड लाख रुपये भरपाई देताना न्यायालय म्हणाले की मूलभूत हक्कांचा भंग झाला असता सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही.

चौदा वर्षांचे ३५,००० रुपये. हा आकडा मला कधी पचला नाही. त्याहून पचत नाही ते हे, की ही रक्कम जाते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या आणि त्या म्हातारीच्याही पैशातून. दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करण्याची मुभा निकालात अनेकदा ठेवलेली असते. आमच्या जिल्ह्यात अशी वसुली झालेली मी पाहिली नाही. ज्याने रकाना खोटा भरला त्याला त्याची किंमत समजतच नाही.

आता त्याच्यावर खटला भरायचे म्हटले तर? जुन्या संहितेचे कलम १९७, आता २१८, मध्ये येते: कर्तव्य बजावताना किंवा बजावण्याच्या ओघात केलेल्या कृत्यासाठी सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेणार नाही. आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ मुदत आखडते: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यासाठी खटला सहा महिन्यांत, आणि सरकारची मंजुरी असेल तर दोन वर्षांपर्यंत. कबुलीसाठी मारणे आणि त्यासाठी कोंडून ठेवणे याला कर्तव्याचे नाव देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध आत्माराम या खटल्यात १९६६ मध्येच सांगितले आहे. पण पोटापाण्याला लागलेला माणूस सहा महिन्यांत आधी जामीन मिळवतो, मग जखमा भरायची वाट पाहतो, मग वकील शोधतो. त्यात २०२० मध्ये कर्नाटकातल्या देवराज प्रकरणात न्यायालय म्हणाले की पोलिसाने कर्तव्याची मर्यादा ओलांडली तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागेलच. नव्या संहितेने एक चांगली भर घातली आहे: १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाईल. वर्षानुवर्षे फायलीवर बसून राहण्याची सोय त्यामुळे संपावी.

अमेरिकेत हा बचाव वेगळ्या जागी बसवला आहे. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये १९६१ साली गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात गोरे आणि काळे धर्मगुरू एकत्र गेले म्हणून त्यांना अटक झाली. त्यांच्या दाव्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले की अटकेला सयुक्तिक कारण आहे अशी पोलिसाची प्रामाणिक आणि वाजवी समजूत असेल तर त्याला बचाव मिळेल. पुढे १९८२ पासून त्या बचावाने फार मोठे रूप घेतले, आणि २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर त्यावर रान उठले. ते सगळे आपण उचलावे असे मला म्हणायचे नाही. पण मुळातली अट विचार करण्याजोगी आहे: आधी कारण दाखव, मग संरक्षण माग.

आपल्याकडे कारण नसताना काय होते याचे जवळचे उदाहरण पुण्यातले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांनी पुण्यातून एका डॉक्टर बाईंना आणि सत्तरीच्या त्यांच्या आईला अटक केली. आई पुणे जिल्हा न्यायालयात वकिली करत होत्या. प्रकरण एका यंत्राच्या खरेदी-विक्रीतल्या तक्रारीचे. पुण्यातल्या दंडाधिकाऱ्यापुढे न नेता दोघींना आरक्षण नसलेल्या डब्यातून भोपाळला नेले. आई पंधरवड्याहून जास्त आणि मुलगी तीन आठवड्यांहून जास्त काळ कोठडीत राहिली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटक बेकायदा ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये दिले. कायदा जाणणाऱ्या बाईंची ही गत. त्यांना निदान अनुच्छेद ३२ ठाऊक होता.

मला वाटते, रिमांडच्या टेबलावर जे घडते त्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. आमच्याकडे रविवारी सुट्टीचे कोर्ट बसते. दुपारपर्यंत सहा-सात आरोपी, तितक्याच आया-बायका आवारातल्या झाडाखाली. एक आई मला सांगते, पोराला शुक्रवारी दुपारी नेले. मेमोवर अटकेची वेळ शनिवारी रात्री ११.५५. मधला दीड दिवस तो 'बसवून ठेवलेला' असतो. कागदावर तो कुठेच नसतो. चोवीस तास मोजायचे ते कागदावरच्या वेळेपासून. मी अर्ज देतो: ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश व्हावा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायचे आहेत आणि चित्रण जपायचे आहे. काही वेळा उत्तर येते, त्या दिवशी यंत्रणा बंद होती. पण अर्ज दिला की पुढच्या वेळी मेमोवरची वेळ थोडी खरी होते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका खटल्यात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने आणखी एक खुंटी ठोकली. कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी द्यायची, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि तत्काळ शक्य नसेल तर कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. नाहीतर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा. दोन तास म्हणजे वकिलाला तो कागद वाचायला वेळ. 'सदर इसम' ती म्हातारी आहे हे कोणाच्या तरी लक्षात यायला वेळ.

माझे म्हणणे एवढेच आहे की मंजुरीचा प्रश्नही याच कागदाला जोडावा. ज्या अधिकाऱ्याने कारण खरेपणाने लिहिले, तो चुकला असला तरी त्याच्यामागे सरकारने उभे राहावे. त्याचा वकीलही सरकारनेच द्यावा. ज्याचा रकाना कोरा आहे, किंवा दुसऱ्याच्या कागदावरून उतरवलेला आहे, त्याने कायद्याने सांगितलेले पहिलेच काम केलेले नाही. मग ती अटक कर्तव्य बजावताना झाली असे कशाच्या आधारावर म्हणायचे? देवराज निकालाच्या चौकटीत आज हे बसत नाही, हे मला माहीत आहे. ते संसदेनेच करायला हवे, गजेंद्रगडकरांनी १९६४ मध्ये जे मागितले त्याच्याबरोबरच. आणि भरपाईची निदान काही रक्कम त्या अधिकाऱ्याच्या पगारातून, हप्त्याने का होईना, कापली जावी.